विश्लेषण : एकाच आईची पिल्ले, तरी एक धीट आणि एक भित्रे! पाळीव टॅरँटुलांच्या वागण्यात एवढा फरक कशामुळे?

लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पाहून परतणाऱ्या पर्यटकांच्या मोबाइलमध्ये साधारण सारखेच फोटो असतात. उल्कापाताने तयार झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, तळाशी हिरवट पाणी, दैत्यसूदन मंदिरावरची शिल्पे आणि गोमुखाची धार. उतारावरच्या दगडांखाली, मुळांच्या सांदीत राहणाऱ्या कोळ्यांचा फोटो क्वचितच कोणी काढतो. रात्री त्याच मोबाइलवर रील्स सरकवताना मात्र निळे, केशरी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे केसाळ कोळी प्लास्टिकच्या डब्यांत दिसतात आणि ‘हा पाळता येतो का?’ असा प्रश्न पडतो.

ज्यांनी टॅरँटुला पाळले आहेत, त्यांचा प्रश्न याच्या पुढचा असतो. एकाच आईची, एकाच वेळी पिशवीतून बाहेर पडलेली दोन पिल्ले घेतली. सारख्याच डब्यांत, एकाच फळीवर ठेवली. खाद्य तेच, पाणी तेच. तरी झाकण उघडताच एक बिळात पळते आणि दुसरे पुढचे पाय उंचावून अंगावर येते. हा त्यांचा स्वभाव म्हणायचा की योगायोग? कोळ्यांच्या ‘स्वभावा’वर गेली काही दशके गंभीर संशोधन सुरू आहे. त्यात भारतीय कोळ्यावरचे कामही आहे आणि विज्ञानजगताला हादरवणारा एक वादही आहे. शिवाय हा छंद भारतात कायद्याच्या कक्षेत कुठे येतो, हे पाळणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसते.

टॅरँटुला म्हणजे नेमके कोण? महाराष्ट्रात ते आहेत का?

टॅरँटुला हे थेराफोसिडी कुळातील मोठ्या, केसाळ कोळ्यांचे सर्वसाधारण नाव. हे कोळी घराच्या कोपऱ्यात दिसणारे गोल जाळे विणत नाहीत. जमिनीत बीळ करून, दगडाखाली किंवा झाडाच्या ढोलीत राहतात आणि भक्ष्य जवळ आले की झडप घालतात. नजर अगदीच अधू. जग त्यांना कळते ते पायांवरच्या केसांमधून, म्हणजे कंपनांमधून आणि हवेच्या हालचालीतून. पाळीव टॅरँटुलाच्या वागण्याचा विचार करताना ही एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते.

महाराष्ट्रात टॅरँटुला आहेत आणि काही तर इथल्याच नावाने ओळखले जातात. मुंबईच्या आरे दूध वसाहतीतून २०१४ साली वर्णन झालेल्या प्रजातीचे शास्त्रीय नावच ‘हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस’ आहे. त्याच गटातील एक प्रजाती त्याआधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाशिकमधून नोंदवली गेली होती. पश्चिम घाटात झाडांच्या ढोलीत राहणारा ‘पोइसिलोथेरिया रेगॅलिस’ हा देखणा कोळी आढळतो. परदेशात तो छंदिष्टांच्या घरी कित्येक वर्षांपासून वाढवला जातो. आंध्र प्रदेशातील गुत्ती या गावावरून ओळखला जाणारा निळा ‘पोइसिलोथेरिया मेटॅलिका’ तर जगभरच्या छंदिष्टांचा लाडका. १८९९ मध्ये त्याची पहिली नोंद झाली आणि त्यानंतर शंभर वर्षे तो जवळपास विस्मरणातच गेला होता. २००१ मध्ये तो आंध्रातच पुन्हा सापडला. आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

अमेरिका खंडातील अनेक टॅरँटुलांच्या पोटावर खाज आणणारे केस असतात आणि धोका वाटला की ते मागच्या पायांनी केस उडवतात. भारतासह आशिया-आफ्रिकेतील टॅरँटुलांकडे हे शस्त्र नाही. त्यामुळे त्यांच्याकडे दोनच उपाय उरतात, वेगाने पळणे किंवा चावणे. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरँटुला ‘शांत’ आणि भारतीय ढोलीवाला ‘तापट’ हा फरक प्रजातींचा आहे. खरे कोडे त्यापुढचे. एकाच प्रजातीत, एकाच आईच्या पिल्लांत फरक का पडतो?

पिल्लांमध्ये कोणते फरक दिसतात?

टॅरँटुलाची मादी रेशमाची पिशवी विणून तिच्यात अंडी घालते आणि तिची राखण करते. प्रजातीनुसार एका पिशवीतून काही डझनांपासून ते हजार-दोन हजारांपर्यंत पिल्ले निघतात. सुरुवातीला ती एकत्रच असतात. ढोलीत राहणाऱ्या पोइसिलोथेरियाची पिल्ले तर काही काळ आईच्याच ढोलीत राहतात. नंतर बहुतेक प्रजातींमध्ये भावंडांना एकमेकांपासून दूर व्हावे लागते, कारण उपाशी भावंड हाही शिकारीच असतो.

याच टप्प्यावर पाळणारे पिल्लांना वेगवेगळ्या छोट्या डब्यांत हलवतात आणि फरक दिसू लागतात. एक पिल्लू पहिल्याच आठवड्यात कोकोपीटमध्ये बीळ खणते, तर दुसरे झाकणाच्या कोपऱ्यात रेशमाचा पडदा विणून तिथेच बसते. एक रातकिडा टाकताच झेपावते, दुसरे मेलेल्या किड्याचा तुकडाही रात्री सगळे शांत झाल्यावरच ओढून नेते. ब्रशचा स्पर्श झाला की एक जागच्या जागी गोठते आणि दुसरे डब्यातून उडी मारून हातावर, तिथून कपाटामागे. सहा महिन्यांनी पाहावे तर एक दुसऱ्याच्या दुप्पट आकाराचे झालेले असते.

मग हा स्वभावच का? की दुसरे काही?

इथे जरा सावध राहायला हवे. पाळणारा ज्याला स्वभाव म्हणतो, त्यातला बराचसा भाग कॅलेंडरचा असतो. कोळ्याला वाढण्यासाठी कात टाकावी लागते. कात टाकण्याआधी काही दिवस, मोठ्या पिल्लांत काही आठवडेही, ते खाणे बंद करते, पोट गडद दिसू लागते, बिळाचे तोंड बुजवून ते आत बसते. त्याच आठवड्यात भावंडाची कात नुकतीच टाकून झालेली असेल तर ते भुकेने वखवखलेले असते. दोघांना शेजारी ठेवून पाहणाऱ्याला वाटते, एक भित्रे आणि एक आक्रमक. महिनाभराने भूमिका नेमक्या उलट झालेल्या असतात, पण तोवर दोघांची नावे ठेवून झालेली असतात!

दुसरे कारण म्हणजे नर-मादी. नर लवकर वयात येतात आणि काही वर्षांत मरतात, मादी सावकाश वाढते आणि दीर्घायुषी असते. मेक्सिकन लाल गुडघ्यांच्या टॅरँटुलाच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात. पिल्लू लहान असताना नर की मादी हे बाहेरून कळत नाही. पिल्लू थोडे मोठे झाले की टाकलेली कात भिजवून, अलगद उलगडून तिच्या आतल्या बाजूला मादीचा अवयव दिसतो का, हे पाहावे लागते. तोपर्यंत ‘हे खादाड आहे’ असे ज्याला म्हटले जाते, तो केवळ घाईत असलेला नर असू शकतो.

तिसरे कारण जागेचे. ‘एकाच फळीवर’ याचा अर्थ ‘एकाच परिस्थितीत’ असा होत नाही. कोळ्याचे शरीर बाहेरच्या तापमानाप्रमाणे चालते. फळीच्या वरच्या टोकाला दोन-तीन अंश अधिक ऊब असेल तर तिथले पिल्लू जास्त खाते आणि भराभर वाढते. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर एक डबी कूलरच्या झोतात आणि दुसरी कपाटाच्या आडोशाला, एवढ्यानेही आतला ओलावा पार बदलतो. शिवाय कूलरची घरघर. आपल्याला ती ऐकू येऊन येऊन ऐकू येईनाशी होते. पायांनीच जग ओळखणाऱ्या पिल्लाला मात्र ती भिंतीतून, फळीतून, डब्याच्या तळातून सतत जाणवत असते. फ्रिजला टेकलेल्या डब्यातले पिल्लू ‘घाबरट’ निघाले तर दोष पिल्लाचा नसावा.

आणखी एक धागा आहे, तो जरा गुंतागुंतीचा. समजा, पिशवीतून बाहेर पडताना दोन पिल्लांत केसभर फरक होता. एकाला अंड्यात थोडे जास्त पोषण मिळाले. ते आधी कात टाकते, त्यामुळे मोठा किडा पकडू शकते, त्यामुळे आणखी लवकर वाढते, आणि मोठे असल्याने त्याला बाहेर बसणे परवडते. चक्रवाढ व्याजासारखे हे चालते. सुरुवातीचा केसभर फरक वर्षभराने ‘धीट’ आणि ‘भित्रे’ अशा दोन टोकांना जाऊन पोहोचतो.

धीटपणा मोजतात कसा?

रबरी फुग्याने किंवा सिरिंजने हवेचा छोटा झोत मारून. पक्षी जवळ आल्यावर हवा हलते, तशी ही हवा. झोत लागताच कोळी पाय पोटाशी घेऊन आक्रसतो. मग स्टॉपवॉच सुरू होते. तो पुन्हा हालचाल करायला, जाळ्यावर किंवा बिळाच्या तोंडाशी परतायला किती वेळ घेतो, हे मोजतात. लवकर परतला तर धीट, उशिरा परतला तर भित्रा.

मात्र एकदा मोजून काहीच सिद्ध होत नाही. स्वभाव म्हणायचे तर तोच कोळी आज, पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यातही इतरांच्या तुलनेत धीटच निघायला हवा. शास्त्रज्ञ याला वर्तनाची पुनरावृत्तिक्षमता म्हणतात. ॲलिसन बेल, शाला हँकिसन आणि केट लास्कोव्स्की यांनी २००९ मध्ये अनेक प्राण्यांवरील अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सरासरी आकडा ०.३७ आला. सोप्या भाषेत, नोंदींमध्ये जेवढा फरक दिसतो त्यापैकी साधारण ३७ टक्के फरक हा या प्राण्यात आणि त्या प्राण्यात असलेला टिकाऊ फरक असतो. उरलेला फरक त्या त्या दिवसाचा, भुकेचा, तापमानाचा आणि मोजण्यातल्या चुकांचा. म्हणजे स्वभाव आहे, पण दोनदा झाकण उघडून तो कळत नाही.

जनुके तीच, वाढवणे तेच, तरी फरक?

होय, आणि याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कोळ्यांतून नव्हे, तर माशांतून आला. ॲमेझॉन मॉली या माशांत फक्त माद्या असतात आणि पिल्ले आईच्या जनुकीय प्रती असतात. बर्लिनमधील संशोधक डेव्हिड बीअरबाख, लास्कोव्स्की आणि मॅक्स वोल्फ यांनी अशी पिल्ले जन्मापासून शक्य तितक्या एकसारख्या टाक्यांत वाढवली. जनुके तीच, परिस्थिती तीच. तरीही मोठी झाल्यावर त्यांच्या वागण्यात टिकाऊ वैयक्तिक फरक आढळले. २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

टॅरँटुलाची भावंडे तर जनुकीय प्रतीही नसतात. मग दोन डब्यांतली दोन पिल्ले वेगळी वागली तर पाळणाऱ्याने ‘माझे काय चुकले?’ म्हणून हळहळण्याचे कारण नाही. सगळे सारखे ठेवले तर सगळे सारखे निघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

भारतातला कोळी काय सांगतो?

टॅरँटुला एकटा राहणारा प्राणी. पण भारताच्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात एक कोळी शेकड्यांच्या वसाहतीत राहतो. ‘स्टेगोडायफस सारासिनोरम’ हे त्याचे नाव. झुडपात किंवा कुंपणाच्या तारेवर मळकट, चिंध्यांसारखे दिसणारे मोठे जाळे आणि मध्ये गुहेसारखे घरटे, ही त्याची खूण. भक्ष्य अडकले की अनेक माद्या मिळून त्यावर तुटून पडतात. या वसाहतींमध्ये पिढ्यान् पिढ्या आपापसातच प्रजनन होते, त्यामुळे सगळे सदस्य जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या फार जवळचे असतात. ‘एकाच घरातली, तरी वेगळी’ हा प्रश्न तपासायला याहून चांगला कोळी मिळणे कठीण.

तिरुवनंतपुरम येथील आयसर या संस्थेतील हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी या कोळ्यावर बरेच काम केले आहे. थेजस्वी बेलेयूर, दिव्या उमा बेल्लूर आणि सोमनाथन यांचा २०१५ मधील अभ्यास या प्रश्नाला थेट भिडतो. शिकार पकडण्याच्या बाबतीत कोळ्यांचे वागणे दीर्घकाळ सातत्याचे आढळले, काही जण पुन्हा पुन्हा पुढे येणारे आणि काही मागेच राहणारे. जाळ्याच्या दुरुस्तीच्या कामात मात्र असे सातत्य दिसले नाही.

हा दुसरा भाग पाळणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. एका बाबतीत पिल्लाचे वागणे पक्के असेल म्हणून सगळ्याच बाबतीत ते पक्के असेल असे नाही. खाण्यावर झडप घालणारे पिल्लू जाळे विणण्यातही ‘उत्साही’च असेल, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

या संशोधनाला गालबोट कसे लागले?

कोळ्यांच्या स्वभावाविषयी काहीही वाचताना २०२० हे वर्ष ध्यानात ठेवावे लागते. या विषयातले सर्वांत गाजलेले नाव होते जोनाथन प्रुइट. आफ्रिकेतील सामाजिक कोळ्यांवर त्यांचे असंख्य शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते आणि ते कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात होते. त्यांच्या काही निबंधांच्या सहलेखक असलेल्या केट लास्कोव्स्की यांना मूळ आकडेवारी पुन्हा तपासताना खटकले. हवेच्या झोतानंतर कोळी किती सेकंदांनी हलला, याचे तेच ते आकडे वेगवेगळ्या कोळ्यांच्या नावापुढे पुन्हा पुन्हा येत होते. शेकडो सेकंदांची नोंद अनेकदा हुबेहूब जुळावी, हे सहज घडणारे नव्हे.

लास्कोव्स्की यांनी आपलेच नाव असलेले निबंध मागे घेण्याची प्रक्रिया सुरू केली. जानेवारी २०२० मध्ये पहिले निबंध मागे घेतले गेले आणि त्यानंतर एकामागून एक अनेक. प्रुइट यांनी २०२२ मध्ये विद्यापीठ सोडले. लास्कोव्स्की यांनी हे सारे जाहीरपणे लिहून मांडले. आपल्याच नावावरचे प्रकाशित काम स्वतः पुसणे तरुण संशोधकासाठी किती अवघड असते, हे संशोधनक्षेत्रात वावरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

यामुळे कोळ्यांना स्वभाव नसतो असे ठरले का? नाही. इतर चमूंचे स्वतंत्र काम उभे आहे, त्यात वर उल्लेखलेले भारतीय कामही येते. पण इंटरनेटवर फिरणाऱ्या ‘कोळ्यांच्या वसाहतीत धीट नेता असतो’ यांसारख्या चटकदार गोष्टींपैकी कोणत्या कोणत्या निबंधावर टेकल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय त्या पुढे पाठवू नयेत.

निसर्गात या फरकाचा उपयोग काय?

अमेरिकेतील सुझन रिचर्ट आणि ॲन हेड्रिक यांनी १९९० मध्ये नरसाळ्यासारखे जाळे विणणाऱ्या ‘ॲजेलेनॉप्सिस ॲपर्टा’ या कोळ्याच्या दोन ठिकाणच्या वस्त्यांची तुलना केली. एक वस्ती कोरड्या गवताळ माळावरची, जिथे पक्षी कमी. दुसरी ओढ्याकाठच्या झाडीतली, जिथे अन्न भरपूर पण खाणारे पक्षीही भरपूर. ओढ्याकाठचे कोळी दचकल्यावर बराच वेळ बाहेर येत नसत, माळावरचे लवकर परतत. दोन्हीकडच्या कोळ्यांची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवली, तरी हा फरक राहिला. म्हणजे त्यातला काही भाग वारशाने आलेला होता.

लोणारच्या विवरात उभे राहिले की हा प्रयोग डोळ्यांसमोर उभा करणे सोपे जाते. वरच्या कडेवर तापलेला काळा कातळ आणि पानगळीचे विरळ रान. दीडशेएक मीटर खाली उतरले की दाट झाडी, झऱ्यांचा ओलावा, पक्ष्यांचा कलकलाट आणि त्यापलीकडे खारट, क्षारीय पाणी. हे सारे तासाभराच्या पायपिटीत. बिळात राहणाऱ्या कोळ्याची पिल्ले आईपासून फार लांब जात नाहीत. पण एवढ्या उतारावर थोडेसे अंतरही खूप काही बदलते. पन्नास पिल्लांतली सगळीच धीट असतील तर झाडीतल्या पक्ष्यांची चंगळ, सगळीच भित्री असतील तर कातळावर उपासमार. दोन्ही प्रकारची असतील तर कुठे ना कुठे काही तरी वाचतात. डब्यातल्या पिल्लांचा ‘विचित्र’ फरक हा अशा ठिकाणांहून आलेला वारसा असावा, असे मानायला जागा आहे.

अशी तपासणी एकेका कोळ्यावर किती काळ करता येते? ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून झाकणवाल्या बिळांतल्या कोळ्यांवर लक्ष ठेवले होते. त्यातली ‘सोळा नंबर’ची मादी ४३ वर्षे जगली आणि सगळे आयुष्य तिने त्याच बिळात काढले. शेवटी ती म्हातारपणाने गेली नाही, गांधीलमाशीने तिचा घात केला. ती टॅरँटुला नव्हती, पण टॅरँटुलांच्याच दूरच्या नात्यातली.

लोणारहून एखादा कोळी डबीत घालून आणला तर?

तो गुन्हा ठरेल. लोणार विवराचा परिसर २००० पासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यातून कोणताही वन्यजीव हलवता येत नाही. कोळ्याचे नाव कायद्याच्या यादीत आहे की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. ‘साधा किडाच तर आहे’ हा बचाव टिकत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी रानातून आणलेले पिल्लू हे अभ्यासासाठी वाईटच. त्याचे वय, आई, त्याने आधी काय खाल्ले, काहीच माहीत नसते. अनेकदा तर पोटात परजीवींच्या अळ्या घेऊनच ते येते.

परदेशातून मागवले तर?

जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या परदेशी टपाल कार्यालयात पोलंडहून आलेले एक पाकीट सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी उघडले. आत चंदेरी फॉइल आणि कापसात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. पत्ता तमिळनाडूतल्याच एका गावातला. आयात परवाना नाही, आरोग्यविषयक कागदपत्रे नाहीत, त्यामुळे पाकीट पुन्हा पोलंडला पाठवण्यासाठी टपाल खात्याकडे सोपवण्यात आले. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पिल्लांच्या ‘स्वभावा’वर या प्रवासाचा काय परिणाम होत असेल, हा विचार छंदिष्टांनी ऑर्डर देण्याआधी करायचा.

तेव्हापासून नियम आणखी कडक झाले आहेत. मेक्सिकोकडचे ब्रॅकिपेल्मा टॅरँटुला ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आधीपासून होते, २०१९ मध्ये भारत-श्रीलंकेतील पोइसिलोथेरिया वंशाचाही त्यात समावेश झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ‘सायटिस’च्या प्रजातींसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. या अनुसूचीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करावी, यासाठी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम जारी झाले. नोंदणी ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर होते. आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, त्यानंतर ताब्यात आलेल्यांसाठी ३० दिवसांची. जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात. एका पिशवीतून शे-दोनशे पिल्ले निघणाऱ्या प्राण्याबाबत हा कागदोपत्री व्याप केवढा होईल, याचा अंदाज घर छोटे असणाऱ्यांनी आधीच बांधलेला बरा.

चावला तर? आणि ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी काय करावे?

बहुतेक टॅरँटुलांचा चावा वेदनादायक पण तात्पुरता असतो. पोइसिलोथेरियाचा मात्र हलक्यात घेऊ नये. त्यानंतर स्नायूंमध्ये तीव्र पेटके येतात आणि कधी कधी ते काही दिवसांनी पुन्हा उद्भवतात. चावल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे जावे आणि कोळी कोणता होता ते सांगावे. ‘माझे पिल्लू गरीब आहे’ या भरवशावर ते हातावर घेणे दोघांसाठीही धोक्याचे. टॅरँटुलाचे पोट इतके नाजूक असते की टेबलाच्या उंचीवरून पडले तरी फुटू शकते.

नोंदवलेले पिल्लू घरी असेल तर एक साधी वही पुरते. खाल्ले ती तारीख, कात टाकली ती तारीख, खोलीचे तापमान आणि झाकण उघडल्यावर पहिल्या मिनिटात काय केले, एवढेच लिहायचे. दर वेळी त्याच वेळेला, त्याच पद्धतीने. खाणे थांबले आणि पोट गडद दिसू लागले की जिवंत रातकिडा डब्यात सोडायचा नाही. कात टाकताना असहाय पडलेल्या पिल्लाला तो कुरतडू शकतो. वहीत तीन-चार काती जमल्या की मग दोन भावंडांची तुलना करायला हरकत नाही. आणि नको झालेला परदेशी कोळी जवळच्या टेकडीवर सोडून देणे हा मार्ग नाही. त्यासाठी वन विभागाशी संपर्क साधावा लागतो.